समुद्रकाठचे यजमान

प्रवासाला निघालेल्या माणसास दोन गोष्टी लागतात. एक, पाठ टेकण्यापुरती जागा. आणि दुसरी, 'आलात का? वाटेत त्रास नाही ना झाला?' असे विचारणारे कोणीतरी. पहिली पैसे टाकले की मिळते, याविषयी वाद नाही. दुसरी पैशाने मिळते किंवा काय, याबद्दल आपल्या समाजाच्या मनात फार जुनी शंका आहे. धर्मशास्त्रकारांनी अन्नविक्रय हीन ठरविला; पुण्यवान धनिकांनी गावोगाव धर्मशाळा बांधून प्रवाशाची सोय पैशावाचून केली; आणि अजूनही एखाद्या चांगल्या घरच्या मंडळींनी खानावळ काढली असे कळले, म्हणजे ऐकणाऱ्याच्या तोंडून 'अरेरे' नाही तरी 'असं का?' हे उद्गार निघतातच. जे घरी आलेल्यास प्रेमाने द्यावयाचे, त्याची किंमत लावली की त्यातले प्रेम उडून जाते, असा या शंकेचा मथितार्थ आहे. ती खरी की खोटी, याचा विचार आमच्या मनात अलीकडे पुष्कळ घोळला, आणि त्यास कारण झाली पूर्वसमुद्राच्या काठची दोन हॉटेले व ती चालविणारे चार भाऊ.

गेल्या डिसेंबरात कॉलेजास सुटी लागताच आम्ही सहकुटुंब पिनांग व सिंगापूर पाहून आलो. पिनांगास 'ईस्टर्न अँड ओरिएंटल' या जुन्या हॉटेलात दोन रात्री राहिलो. प्राध्यापकाच्या मिळकतीच्या मानाने हे साहसच होते. परंतु जुन्या वास्तूंचा मोह आमच्याने आवरत नाही. हॉटेलची मागची बाजू थेट समुद्रावर आहे. हिरवळ, हिरवळीवर एक अतिविशाल जुनाट वृक्ष, त्यापलीकडे बुटका तट, तटावर गंजलेल्या तोफा, आणि तटाच्या पायथ्याशी लाटा. समोर सामुद्रधुनी आणि तिच्या पल्याड केडाहचा डोंगर निळसर दिसतो. आत शिरताच वर एक घुमट लागतो. त्याच्या बरोबर खाली उभे राहून हळू बोलले, तरी आपलाच आवाज वरून आपल्याला परत ऐकू येतो. आमच्या कन्येने तेथे उभे राहून घरच्या मांजराचे नाव घेतले, तेव्हा आजूबाजूच्या साहेब मंडळींनी माना वळवून पाहिले! पण आम्हांस त्या घुमटापेक्षा अधिक ओढ लागली ती, हे सारे ज्यांनी उभे केले त्या सार्कीज बंधूंची.

सार्कीज हे आर्मेनियन. सतराव्या शतकाच्या आरंभी इराणच्या शाह अब्बासाने आर्मेनियन लोकांस त्यांच्या मुलखातून उठवून आपल्या इस्फाहान राजधानीलगत आणून वसविले. ती वस्ती म्हणजे न्यू जुल्फा. तेथून हे लोक व्यापारासाठी सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता, रंगून, पिनांग असे पसरत गेले. मुंबईच्या फोर्टात त्यांचे १७९६ सालचे चर्च आहे. सिंगापुरात १८३५ सालचे आहे आणि ते त्या शहरातील सर्वांत जुने ख्रिस्ती मंदिर मानले जाते. संख्येने मूठभर, स्वतःचे राज्य नाही, परंतु जेथे जातील तेथली भाषा शिकावी, हिशेबास चोख राहावे आणि आपले चर्च तेवढे सोडू नये, अशी ही जात. आपल्याकडील पारशांची आठवण व्हावी, असेच त्यांचे चरित्र आहे.

या न्यू जुल्फाच्या एका कुटुंबातील चार भाऊ, मार्टिन, टिग्रान, अविएट आणि आर्शाक, एकामागून एक पूर्वेकडे आले. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यापासून युरोपातून आगबोटींची रीघ लागली होती. मलायात कथलाच्या खाणी चालू होत्या. पुढे रबराचे मळे झाले. बोटीतून उतरणाऱ्या व्यापाऱ्यास, मळेवाल्यास, अंमलदारास चार दिवस कोठे राहावे ही पंचाईत पडे. ती टिग्रानने हेरली. १८८४ मध्ये त्याने पिनांगास 'ईस्टर्न' नावाचे हॉटेल काढले, दुसऱ्या वर्षी समुद्राला लागून 'ओरिएंटल' घेतले आणि पुढे दोहोंचे मिळून एक झाले. १ डिसेंबर १८८७ रोजी सिंगापुरास बीच रोडवर एका अरब धनिकाचा समुद्राकडे तोंड असलेला बंगला भाड्याने घेऊन त्याने दहा खोल्यांचे दुसरे हॉटेल उघडले. त्याच वर्षी शहराचा संस्थापक रॅफल्स याचा पुतळा मोठ्या समारंभाने उभारण्यात आला होता. टिग्रानने हॉटेलास नाव दिले 'रॅफल्स'. १९०१ साली रंगूनच्या नदीकाठी अविएटचे 'स्ट्रँड' उभे राहिले. ज्यांचे मूळ गाव समुद्रापासून शेकडो मैल आत, त्या भावांनी तीन बंदरांत पाण्याकडे तोंड करून तीन घरे मांडली, हा योग मोठा मौजेचा आहे.

टिग्रान हा व्यवहारात किती पक्का होता, हे एका गोष्टीवरून कळेल. १८८९ साली रडयर्ड किपलिंग सिंगापुरावरून गेला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला हा लेखक तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात रॅफल्सच्या जेवणाची वाखाणणी केली, खोल्यांना मात्र नावे ठेविली, आणि जेवावे येथे पण निजावे दुसऱ्या हॉटेलात, असा सल्ला प्रवाशांना दिला. टिग्रानने त्यातील जेवणापुरता भाग उचलला आणि जाहिरातीत छापला! उरलेला सल्ला जणू कोणी दिलाच नव्हता. आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांस अवतरण कसे द्यावे हे शिकवीत आलो आहो. त्या दृष्टीने हा अपराध अक्षम्य आहे. पण टिग्रान नुसता धूर्त असता, तर तो जाहिरात छापून स्वस्थ बसला असता. त्याने खोल्याही सुधारल्या. बंगल्याच्या बाजूंना नव्या इमारती झाल्या, आणि १८९९ साली आज दिसते ती तीन मजली मुख्य वास्तू पुरी झाली. संगमरवरी फरशीचे भोजनगृह, विजेचे दिवे, विजेचे पंखे असा सारा थाट तीत होता. निंदकाची स्तुती छापावी आणि त्याची निंदा मनात ठेवून काम करावे, हे व्यापारातील उत्तम शहाणपण होय.

त्या काळातील आणखी एक कथा आम्हां मास्तर लोकांस विशेष प्रिय वाटण्याजोगी आहे. १९०२ च्या ऑगस्टात जवळच्याच एका खेळाच्या तंबूतून एक वाघ निसटला आणि रॅफल्सच्या बिलियर्डच्या इमारतीखाली जाऊन दडला. ती इमारत जमिनीपासून उंच खांबांवर होती. हॉटेलच्या नोकरास काळोखात दोन डोळे दिसले आणि एकच धावपळ उडाली. शेवटी बोलावणे गेले ते शेजारच्या रॅफल्स विद्यालयाचे मुख्याध्यापक फिलिप्स यांस. हे गृहस्थ झोपेतून उठून बंदूक घेऊन आले, त्यांचे पहिले काही बार फुकट गेले, आणि पहाटेच्या सुमारास वाघ पडला. पुढे या कथेला पाय फुटले. वाघ रानातला होता, सिंगापुरातला शेवटचा होता, बिलियर्डच्या टेबलाखाली शिरला होता, असे सांगण्यात येऊ लागले. हॉटेलने हे फारसे खोडून काढले नाही, याचे नवल वाटावयास नको. घरात घडलेली गोष्ट दर पिढीत थोडी वाढतेच. आणि ज्या हॉटेलाविषयी अशा गोष्टी सांगाव्याशा वाटतात, ते हॉटेल घरासारखे झाले असे खुशाल समजावे.

तथापि हे घर कोणाचे होते, हेही विसरून चालणार नाही. त्या भोजनगृहाच्या पंगतीत गोऱ्या माणसांचाच भरणा असे. एखादा सुलतान किंवा मोठा धनिक सोडला, तर आशियाई माणूस तेथे बहुधा वाढपी, माळी, स्वयंपाकी किंवा दारवान म्हणूनच दिसावयाचा. यजमान बंधू स्वतः परदेशी, स्वतःचे राज्य नसलेले, आणि तरीही त्यांचा उदरनिर्वाह ज्या साम्राज्यावर चालला होता त्याचीच पंक्तिव्यवस्था त्यांनी पाळली. आम्ही तटाजवळच्या खुर्चीत बसून चहा घेत होतो, तेव्हा हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. आपल्या आजोबांना येथे ही खुर्ची मिळाली नसती, हे स्मरूनच त्या खुर्चीचे सुख भोगणे प्रामाणिकपणाचे होय.

आता सर्वांत धाकट्या आर्शाकाविषयी. पिनांगचे हॉटेल त्याच्याकडे होते, आणि आज तेथे ज्या गोष्टी सांगतात त्यांपैकी निम्म्या त्याच्याच आहेत. नाचाच्या दिवाणखान्यात तो स्वतः पाहुण्यांत मिसळे. आपल्या टकलावर भरलेला पेला ठेवून एक थेंबही न सांडता वॉल्ट्झचे फेरे घेई. रबराचे भाव पडले की मळ्यावरच्या तरुण साहेबांचे खिसे रिकामे होत. असा कोणी बिलाची टाळाटाळ करू लागला, म्हणजे आर्शाक ते बिल गुपचूप बाजूला सारी. आणि कोणा फारच हतभाग्यास स्वदेशी परतण्यासाठी बोटीचे भाडेही आपल्याच पदरचे देई, असे सांगतात. तो हॉटेल पैसे मिळविण्यासाठी चालवीत नसून लोकांना जेवू घालण्याच्या हौसेने चालवितो, असा त्याचा लौकिक होता. आपल्या भाषेत सांगावयाचे, तर तो दुकान मांडून सदावर्त चालवीत होता.

परंतु सदावर्ताला इनाम लागते, आणि आर्शाकाला होते ते कर्ज. १९२० नंतरच्या तेजीच्या वर्षांत पिनांगच्या हॉटेलास नवी इमारत जोडण्यात आली, सिंगापुरासही बांधकामे झाली. तोवर टिग्रान व मार्टिन हे दोघे वडील भाऊ १९१२ सालीच वारले होते. अविएट १९२३ मध्ये गेला, आणि रंगूनचे हॉटेल १९२५ साली कुटुंबाच्या हातून सुटले. मग १९२९ ची जागतिक मंदी आली. रबर मातीमोल झाले, मळेवाले निघून गेले, खोल्या ओस पडल्या. १९३१ च्या आरंभी आर्शाक मरण पावला, आणि त्याच वर्षी सार्कीज बंधूंच्या पेढीचे दिवाळे वाजले. १९३३ मध्ये रॅफल्स भागीदारांच्या एका कंपनीकडे गेले. एका कुटुंबाचा सुमारे अर्ध्या शतकाचा संसार असा आटोपला.

या कथेचे तात्पर्य काढणे वरवर सोपे आहे. भावुक वाचक म्हणेल, उदार माणसाचा जगाने घात केला. हिशेबी वाचक म्हणेल, उधळ्याचे दुसरे काय होणार? आम्हांस दोन्ही निकाल अपुरे वाटतात. आर्शाकाने सोडून दिलेली बिले त्याच्या एकट्याच्या खिशातून गेली नव्हती. त्यात धनकोंचा पैसा होता, दुकानदारांची उधारी होती, आणि दिवाळे निघाले तेव्हा भातावर वरण मिळण्याची ज्यांना भ्रांत पडली असेल, असे नोकरचाकरही होते. दुसऱ्याच्या पैशाने केलेल्या दानाचे पुण्य कोणाच्या खात्यावर मांडावे, हा प्रश्न शास्त्रकारांनाही अवघडच गेला असता. उलट, लोक पिनांगास येत ते कशासाठी? खोल्या इतरत्रही होत्या. ते आर्शाकासाठी येत. तेव्हा ती सोडून दिलेली बिले हाच त्या घराचा खरा भांडवली खर्च होता, असेही म्हणता येईल.

आमच्या मते या चार भावांच्या यशाचे मर्म असे, की त्यांच्यात एकाने अवतरण अर्धे छापावे आणि दुसऱ्याने बिल अर्धे सोडावे, अशी वाटणी होती. कुटुंबाने चालविलेल्या हॉटेलात हिशेब आणि आतिथ्य एकाच घरात नांदतात आणि रोज भांडतात. आज एकाची सरशी, उद्या दुसऱ्याची. आणि या भांडणातच पाहुण्याचे कल्याण असते. टिग्रान होता तोवर आर्शाकाच्या सढळ हाताला आवर घालणारे कोणी होते. आणि आर्शाक होता म्हणून टिग्रानच्या चोख हिशेबाला कोणी कंजूषपणा म्हटले नाही. वडील भाऊ गेल्यावर नुसता हात उरला, आणि घर बुडाले.

हे आम्हांस सुचले ते ग्रंथांवरून नव्हे. त्याचा नमुना आमच्या घरातच आहे. गुहागरास समुद्रालगतच्या नारळीपोफळीच्या वाडीत आमचे आतेभाऊ राहतात. कोकण रेल्वे १९९८ साली सुरू झाल्यानंतर पर्यटकांचा ओघ वाढला, आणि त्यांनी मागील दारच्या चार खोल्या नीट करून घरगुती निवासाची व भोजनाची सोय केली. अण्णा संध्याकाळी ओटीवर वही घेऊन बसतात. कोणी किती वेळा चहा घेतला, किती घावन झाले, सारे टिपून ठेवितात. वहिनी आतून बाहेर येऊन म्हणतात, "अहो, त्या लहान मुलाचं दूध कसलं लिहिता? पोर ते!" अण्णा चष्म्यावरून पाहतात आणि ती ओळ खोडतात. दुसऱ्या दिवशी मोदकांचे जास्त ताट कोणाला गेले, यावरून वहिनींना हार खावी लागते. गेली वीसएक वर्षे हे असेच चालले आहे, आणि मुंबई-पुण्याची कितीतरी कुटुंबे दर मे महिन्यात 'अण्णांकडे जायचंय' असेच म्हणतात; हॉटेलात जायचे आहे असे कोणी म्हणत नाही.

आता अण्णा पंचाहत्तरीचे झाले. मुलगा बंगळूरला नोकरीस आहे. एका कंपनीने त्यास असे सुचविले आहे, की वाडी आणि घर दीर्घ मुदतीच्या कराराने आमच्याकडे द्या. ओटी, झोपाळा, माजघर सारे जसेच्या तसे ठेवू, जेवणही कोकणीच ठेवू, आणि दरमहा ठराविक रक्कम देऊ. मुलाने आमचा सल्ला विचारला. प्रस्ताव वाईट नाही. वहिनींचे गुडघे दुखतात. पहाटे पाचाला उठून वीस माणसांचे नारळ खवणे त्यांना आता झेपत नाही. ज्या कष्टाला आपण बाहेरून 'अगत्य' म्हणतो, ते आत चुलीपाशी कोणाच्या तरी कंबरेतून निघत असते, हे न जाणता 'घर देऊ नका' असा उपदेश शहरात बसून करणे निर्दयपणाचे होईल. म्हणून आम्ही मुलास लिहिले, की करार करावयाचा तर खुशाल कर. मात्र सही करण्यापूर्वी एकदा सिंगापूरचे रॅफल्स पाहून ये.

कारण तेथे काय जाते आणि काय राहते, हे दोन्ही स्वच्छ दिसते. महायुद्धात १९४२ पासून जपान्यांनी त्या हॉटेलचा ताबा घेऊन त्याचे नावही बदलले होते. तेही ते पचवून उभे राहिले. १९८७ साली त्यास राष्ट्रीय स्मारक ठरविण्यात आले, १९८९ ते १९९१ पर्यंत बंद ठेवून त्याचे जीर्णोद्धाराचे काम झाले, आणि २०१९ मध्ये पुन्हा एकदा नूतनीकरण पुरे झाले. वास्तू आज पूर्वीहून सुंदर असेल. दारावर फेटेवाला शीख दारवान आदबीने दार उघडतो. चौकातले ताड, पांढरे सज्जे, फिरते पंखे, सारे जागच्या जागी आहे. ज्या शहरात रस्त्यावर कागदाचा कपटा टाकल्यास दंड होतो, तेथे या हॉटेलच्या एका मद्यगृहात भुईमुगाची टरफले खुशाल जमिनीवर टाकू देतात. जुन्या मळेवाल्यांची बेफिकिरी तेवढी हौसेने जपून ठेविली आहे. आम्ही तेथे बसून शेंगा खाल्ल्या, टरफलेही टाकली. आम्हांस काही उणे पडले नाही. वाढणाऱ्याने हसून वाढले, बिल हसून आणले, आणि त्यातील एक पैसाही इकडचा तिकडे झाला नव्हता. होऊही शकला नसता. कारण तो खोडण्याचा अधिकार त्या भल्या मुलाला नव्हता, त्याच्या वरच्यालाही नव्हता, आणि त्याच्या वरचा कोण व कोठे असतो, हे त्या दोघांसही सांगता आले नसते.

आणि समुद्र? रॅफल्स उघडले तेव्हा तो रस्त्यापलीकडेच होता. म्हणूनच त्या रस्त्याचे नाव बीच रोड. पुढे भर घालघालून जमीन केली, तीवर रस्ते आणि मनोरे उठले, आणि समुद्र दृष्टीआड झाला. आमच्या चिरंजीवांनी हॉटेलच्या पायरीवर उभे राहून "बाबा, समुद्र कुठे आहे?" असे विचारले, तेव्हा दारवानाने दूरच्या इमारतींकडे बोट दाखविले.

तर मग आरंभीच्या शंकेचे काय? आतिथ्याला किंमत लावली की ते संपते, असे आता आम्हांस वाटत नाही. अण्णा किंमत लावितात, टिग्राननेही लाविली. किंमत लावण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्याच हाती ती सोडून देण्याचाही अधिकार असला पाहिजे, आणि तो समोर भेटला पाहिजे, एवढीच आमची अट आहे. तो अधिकार घरमालकाला बुडवूही शकतो, हे आर्शाकाने दाखवून दिले आहे. म्हणून समुद्रकाठी एखाद्या कुटुंबाने चालविलेल्या घरी आपण उतरलो आणि यजमानीणबाईने लहान मुलाचे दूध हिशेबातून वगळले, तर पाहुण्यानेही आपले कर्तव्य ओळखावे. निघताना कुरकुर न करता पूर्ण पैसे द्यावे. साधल्यास दोन रुपये वर ठेवावे. आणि पुढच्या वर्षी चार ओळखीच्यांना तेथे धाडावे. तेवढ्याने ते घर टिकेलच असे नाही. पण ज्या वहीतल्या ओळी आपल्यासाठी खोडल्या गेल्या, त्या वहीचे आपणही काही देणे लागतो.